फक्त आकडा लिहावा

माझ्यासमोर टेबलावर एक छापील फॉर्म आहे. त्यातला सातवा रकाना असा : 'एकूण सेव्ह (फक्त आकडा लिहावा)'. पुढे बोटाच्या पेराएवढी चौकट आहे. तिच्यात बसणारा आकडा मला माहीत आहे. तो दोन आहे. अगदी खाली 'गुणलेखकाची सही' असं छापलंय आणि ती सही करायची मी. गेले बारा दिवस मी ती केलेली नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वेगळंच काही मागितलं होतं. आमचे हे गेले त्याला येत्या माघात वर्ष होईल. 'सरांच्या आठवणी लिहा,' असं ते म्हणाले. ते जमत नसेल तर, पुस्तकं सांभाळणारी बाई बेसबॉलची गुणलेखक कशी झाली ते लिहा, असंही म्हणाले. मी दोन्हीला हो म्हटलं आणि दोन्ही होईना. मी मुळात सावकाश लिहिणारी, आणि या वर्षात तर एक पान व्हायला आठवडा लागतो. मग हा फॉर्म आला आणि लिहिण्यासारखं काय आहे ते कळलं.

मी शिरूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. हे तिथंच शारीरिक शिक्षण संचालक. हुद्दा ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात एक मैदान, एक पत्र्याची खोली आणि पावसाळ्यात मैदानातलं गवत कमी करायला कुणाच्या तरी म्हशी, एवढाच कारभार. बेसबॉल आमच्याकडे कसा आला याचं खरं कारण कुणी भाषणात सांगत नाही, म्हणून मी सांगते. क्रिकेटच्या संघात यायला शंभर मुलं रांगेत असायची. बेसबॉलला नऊ जणही जमत नसत. म्हणजे जो येईल त्याला जागा, आणि जागा मिळाली की प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रापायी आलेली मुलं पुढे खेळात रमली, हा भाग वेगळा.

पहिल्याच जिल्हा सामन्याला गुणलेखक आला नाही. मेहुणीच्या लग्नाला गेला होता. यांनी शिपायाकडून ग्रंथालयात चिठ्ठी पाठवली : 'तुझं अक्षर चांगलं आहे. ये.' मी दाखलनोंदीचं रजिस्टर मिटलं आणि छत्री घेऊन मैदानावर गेले. पुढची तेवीस वर्षं त्याच खुर्चीत बसले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पिचर चेंडू फेकतो, बॅटर मारतो आणि धावत सुटतो. मैदानात चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार थांबे, त्यांना बेस म्हणतात. पहिला, दुसरा, तिसरा, आणि जिथून निघाला तो चौथा, म्हणजे होम. होमला परत आला की एक रन. एका दमात चारही झाले नाहीत तर मधल्या बेसवर थांबायचं आणि पुढच्या बॅटरने मारण्याची वाट बघायची. तीन आउट झाले की ती इनिंग संपली. पुस्तकात नऊ इनिंगचा सामना आहे. आम्ही सातच खेळायचो, कारण यवतच्या पुढे जाणाऱ्या मुलांची बस चुकायची. तर पिचरच्या समोर एक बॅटर असतो, पण त्याच्या पाठीमागे बेसवर एक, दोन, कधी तीन रनर टपून उभे असतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या जागेला नंबर असतो. पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, असे नऊपर्यंत. पिचरने चेंडू अडवला, कॅचरकडे फेकला, कॅचरने पहिल्या बेसला फेकला, तर मी लिहिणार १-२-३. ज्या बाईने आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले तिला हे फार आवडलं.

गिऱ्हाइकं एकेक भेटायची. यवतला सामना होता तेव्हा प्रमुख पाहुणे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, विकेटी किती पडल्या?"

मी म्हटलं, "आतापर्यंत सहा आउट."

"मग चारच ऱ्हायल्या की," असं म्हणून ते प्रसन्न मनाने उठून गेले. पाबळला एका बॅटरचे मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. समोरच्या मुलाच्या हातून चेंडू सुटला म्हणून भाचा बेसवर पोचला होता. वहीत ती मारणाऱ्याची कमाई धरत नाहीत, अडवणाऱ्याची चूक धरतात.

"बाई, आमच्या पोराच्या नावावर हिट लिवा की. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. पण समोरच्या मुलाची चूक मग कुठं टाकू?"

मामांनी विचार केला. "ते त्याच्या मामानं बघावं," म्हणाले.

मी लिहिलं नाही. तेवीस वर्षांत माझ्या वहीतला आकडा कुणाला बदलायला लागला नाही, आणि भांडण पेटलं की दोन्ही संघ 'बाईंची वही बघा' म्हणायचे. हे मी मिरवायला सांगत नाही. थोडं मिरवायलाही सांगते. पण मुख्य म्हणजे, फॉर्मातला 'दोन' हा आकडाही माझ्याच वहीतला आहे आणि तो नियमाने बरोबर आहे. माझं भांडण तिथंच आहे.

आता सेव्ह म्हणजे काय ते सांगते. सामना सुरू करणारा पिचर दमतो, मग दुसरा येतो, कधी तिसरा. शेवटी येऊन सामना संपवणाऱ्याला क्लोजर म्हणतात. संघ जिंकत असताना तो आला, आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नसली, त्याने निदान एक पूर्ण इनिंग टाकली आणि जिंकूनच बाहेर आला, तर त्याच्या नावावर एक सेव्ह. आणखी एकदोन पोटनियम आहेत, पण आमच्याकडे बहुतेक सेव्ह याच वाटेने आले. नीट वाचलं तर यात दोन भोकं दिसतील. बेस रिकामे, आघाडी तीनची, अशा वेळी येऊन एखाद्याने दोन रन दिले तरी त्याला सेव्ह. आणि तिन्ही बेस भरलेले, आघाडी एकाची, अशा वेळी येऊन एकही रन न देता बाहेर पडला, पण शेवटच्या इनिंगला त्याला बसवलं, तर त्याच्या नावावर सेव्ह नाही. परदेशात अशांसाठी 'होल्ड' नावाची नोंद ठेवतात म्हणे. आमच्या फॉर्मात तिला जागा नव्हती आणि आजही नाही.

आमच्या संघातला बिरू हा यातल्या दुसऱ्या प्रकारचा पिचर होता.

पाबळच्या वाटेवर त्यांची वस्ती. आता कांदा आणि थोडा ऊस आहे, तेव्हा वडिलांकडे अजून मेंढरं होती. बिरू कला शाखेला आला, तो सुट्टीत मेंढरांमागे जायचा. यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्यावरून. एक मेंढी कळपातून फुटून कुणाच्या तरी गव्हाकडे निघाली होती. बिरूने ढेकूळ उचललं आणि लांबून असं फेकलं की ते तिच्या नाकाच्या पुढ्यात वीतभरावर पडलं. मेंढी वळली. यांनी स्कूटर थांबवली. "तिला लागलं का नाही रे?" असं विचारलं.

"लागाया न्हाई पायजे सर. पुढ्यात पडाया पायजे. लागलं तर लंगडती."

हे घरी येऊन म्हणाले, "आज मला पिचर मिळाला."

बिरूची एक खोड होती. सामना अडचणीत आला की त्याला बोलावायचे. तो मधल्या उंचवट्यावर यायचा, चेंडू हातात घ्यायचा आणि फेकायच्या आधी एकेका बेसकडे बोट करून रनर मोजायचा. तोंडाने मोजायचा. एक. दोन. तीन. मग स्वतःशीच म्हणायचा, "घेतली." पंच वैतागायचे. समोरच्या संघातून कुणीतरी हमखास ओरडायचं, "ए मेंढक्या, मेंढरं मोजतोय का रं?"

"व्हय. तुमचीच हायत. तीन भरली."

दौंडच्या मैदानावरचा एक सामना. आमच्या पहिल्या पिचरने दोन रनर बेसवर चढवून ठेवले आणि त्याचा खांदा गेला. बिरू आला, मोजून घेतले, आणि दुसऱ्याच चेंडूवर बॅटरने लांब मारला. दोघंही होमला आले. आम्ही हरलो. सामना संपल्यावर बिरू माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, ती दोन माझ्या नावावर लिवा."

"ती तुझ्या नावावर नसतात रे. ज्याने रनर बेसवर चढू दिला त्याच्या नावावर तो रन जातो. नियम आहे."

"असा कसा नियम?"

"असाच आहे."

तो तिथंच मातीत उकिडवा बसला. मग त्याने मला जे सांगितलं ते मी त्या दिवशी घरी जाऊन लिहून ठेवलं. त्यांच्याकडे दुपारी एक जण भाकरी खायला गेला की दुसरा कळप ताब्यात घेतो. घेताना मोजून घ्यायची. मोजून घेतली की संपलं. मग मेंढी लंगडी होती, आधीच्याने उन्हात दमवली होती, काही सांगायचं नाही. गेली तर राखणाऱ्याची गेली.

"मी मोजून घेतलीती मॅडम," तो म्हणाला. "तुमी बघितलं."

मी नियम बदलू शकत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी नव्या वहीच्या प्रत्येक पानावर समासात पेन्सिलीने एक बारीक रकाना आखला. वर लिहिलं 'राखण'. खाली दोन घरं : मिळाले, गेले. कोणताही पिचर मध्येच आला की त्याच्या ताब्यात किती रनर आले आणि त्यातले किती होमला गेले, एवढंच. बिरूसाठी सुरू केला पण सगळ्यांचा भरला. हे हसायचे. "काढा तुमचं मेंढरांचं रजिस्टर," म्हणायचे.

आमच्या संघात मध्येच येणारा दुसरा पिचर होता विक्रांत. सगळे विकी म्हणायचे. उंच, सरळ हाताचा, शिस्तीचा मुलगा. यांनी दोघांत कामाची वाटणी केली होती. बेस भरले की बिरू. बेस रिकामे झाले आणि आघाडी मिळाली की विकी. पाटसला साखर कारखान्याच्या बाजूच्या मैदानावर उपांत्य सामना झाला, त्या एका सामन्यात ही सगळी वाटणी दिसते.

गाळपाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्यांची रांग मैदानाच्या कडेपर्यंत आली होती आणि ड्रायव्हर टपावर बसून सामना बघत होते. सहावी इनिंग, आम्ही चार, ते तीन. आमच्या पिचरने तिघांना बेसवर चढवलं आणि एकही आउट नव्हता. यांनी बिरूला हात केला. बिरू आला, मोजले, "घेतली" म्हणाला. पहिल्या बॅटरला तीन चेंडूंत परत पाठवलं. दुसऱ्याने जोरात सरळ त्याच्याच अंगावर मारला. बिरूने तो गुडघ्याशी अडवला, कॅचरला दिला, होमकडे धावणारा आउट. कॅचरने पहिल्या बेसला दिला, मारणारा आउट. इनिंग संपली. मी १-२-३ लिहिलं. समासात लिहिलं, मिळाले तीन, गेले शून्य. टपावरचे ड्रायव्हर बडवू लागले ते पत्रा फाटेल असं.

मग आमच्या बॅटिंगला आणखी दोन रन आले. सहा–तीन. सातव्या इनिंगला यांनी बिरूला बसवलं आणि विकीला पाठवलं. विकीने दोन रन दिले. सामना सहा–पाच असा संपला. सेव्ह कुणाचा? विकीचा. बिरूच्या नावावर? एक बॅटर परत पाठवला आणि एक १-२-३. वहीतली एक ओळ.

त्या संध्याकाळी जेवताना मी यांना विचारलं, "बिरूलाच का नाही ठेवलं?"

"अवघड होतं ते त्याने केलं. शेवटी काय राहिलं होतं?"

"शेवटी सेव्ह राहिला होता."

"तो कुणाला तरी मिळणारच. बिरूचा हात मला पुढच्या सामन्याला ताजा पाहिजे. भाजी वाढ."

"राज्याच्या निवडीला सेव्ह बघतात."

"बघू देत. मी सामने जिंकायला बसलोय, आकडे भरायला तू आहेस."

यांचं पूर्ण चूक होतं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते. आणि सेव्हलाही काही अर्थ आहे. शेवटचे तीन आउट काढताना आपल्यानंतर कुणी नाही हे माहीत असतं. विकीने ते नऊ वेळा निभावलं, त्याचं श्रेय त्याचंच. पण निभावण्याची संधी त्याला नऊ वेळा दिली कुणी? कडेला उभ्या असलेल्या माणसाने. पिचर कितीही चांगला असो, त्याला आत कधी बोलवायचं आणि बाहेर कधी काढायचं हे तो ठरवत नाही. म्हणून सेव्हचा आकडा निम्म्याहून जास्त प्रशिक्षकाचा असतो. तो पिचरच्या नावापुढे लिहायचा आणि त्यावरून त्याची लायकी ठरवायची, हे मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं. फरक एवढाच की तेव्हा मी गप्प बसले.

राज्य संघासाठी आमच्याकडून एक क्लोजर मागितला होता. आकड्यांचा तक्ता मीच केला : विक्रांत नऊ, बिरू दोन. राखणीच्या रकान्याची स्वच्छ नक्कलही केली होती आणि पाकिटात घातली होती. यांनी पाहिलं. "मागितलंय तेवढंच पाठव. लोक हसतील." मी तो कागद बाहेर काढला आणि पाकीट चिकटवलं. चिकटवताना जीभ पाकिटाला लावली, त्याची चव मला अजून आठवते.

विकी राज्याकडून खेळला, पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागला. बिरू मैदानावर भेटला तेव्हा म्हणाला, "झाली व्हय विकीची निवड? ब्येस झालं. त्याचा हात सरळ हाय." मग एमआयडीसीत कंत्राटावर लागला. शिरूरच्या मैदानावर रविवारी येत राहिला. मुलांना फेकायला शिकवतो, अजूनही. 'लागाया न्हाई पायजे, पुढ्यात पडाया पायजे,' हे त्या मैदानावर आता सगळेच म्हणतात आणि ते कुठून आलं हे कुणाला माहीत नाही.

हे गेल्यावर लोक भेटायला आले. सर कधी चुकले नाहीत, असं बरेच जण म्हणाले. मी मान हलवली. अशा वेळी मान हलवायची असते. पण पस्तीस वर्षं मी या माणसाशी जेवताना भांडले आहे आणि आता समोर ताट एकच असतं, तेव्हा ते भांडण कुठं ठेवायचं हे मला कळत नाही. हे गेले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. हे लिहिताना मला त्रास होतो, आणि खोडावंसंही वाटत नाही.

बारा दिवसांपूर्वी बिरू फॉर्म घेऊन आला. चाळिशी ओलांडली आहे, कानाशी केस पिकलेत. दौंडला तालुक्याचं प्रशिक्षण केंद्र सुरू होतंय, तिथं पिचिंग शिकवणारा माणूस हवा आहे. मे महिन्यात त्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं.

"पोरीनं भराया लावलाय," तो म्हणाला. "सातव्यासाठी खाली तुमची सही लागती."

मी चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. 'किमान पाच सेव्ह आवश्यक.'

"बिरू, हे वाचलंस?"

"वाचलं. दोन लिवा आन् सही करा. भरला म्हंजी झालं. घरात बोलणं तर बंद व्हईल."

"फॉर्म ठेवून जा."

"मॅडम, तुमी उगा..."

"ठेव म्हटलं ना."

फॉर्म गोळा करण्याचं काम आहे विक्रांतकडे. तो आता तिथल्या समितीवर आहे. मी फोन केला.

"मॅडम, रकाना समितीने ठरवलाय. मी फक्त फॉर्म जमा करतोय."

"विकी, पाटसला तू आत आलास तेव्हा बेसवर किती जण होते?"



"कुणीच नव्हतं."

"आणि बिरू आला तेव्हा?"

"तीन. मॅडम, मला सगळं आठवतंय. मी कुंपणापाशी हात मोकळा करत होतो. सर आपल्यालाच बोलावतात की काय म्हणून त्यांच्याकडे पाठ केली होती. बिरूला हात केला तेव्हा मी देवाचे आभार मानले."

"हे समितीला सांगशील?"

तो म्हणाला, "फॉर्मला वेगळा कागद जोडू नये असं कुठं छापलेलं नाही. जोडा. सभेत मी वाचून दाखवतो. त्यांना हसायचं तर हसू देत. पण सातवा रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर फॉर्म बाद होतो."

मग मी वह्या काढल्या. यांच्या कपाटात, खालच्या खणात, टोप्यांच्या आणि शिट्टीच्या मागे. खण उघडला की मैदान आखायच्या चुन्याचा वास येतो, म्हणून मी वर्षभर तो उघडला नव्हता. आठ दिवस बसून बिरूच्या सगळ्या सामन्यांतला समासाचा रकाना उतरवून काढला. पेन्सिल काही ठिकाणी पुसट झाली होती, पण वाचता आली.

एका वहीत यांचं अक्षर सापडलं. त्या दिवशी मला ताप होता, मी घरी झोपून होते आणि वही यांनीच लिहिली होती. अक्षर नेहमीसारखं वेडंवाकडं, निम्म्या ठिकाणी नंबर चुकलेले. पण समासात माझा रकाना आखला होता. पट्टी न घेता. वर 'राखण' लिहिलं होतं आणि बिरूच्या नावापुढे : मिळाले दोन, गेले शून्य. मला कधी बोलले नाहीत. म्हणजे यांना समजत होतं. हे कळल्यावर मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरायचं आहे. भांडण मात्र त्यानंतर पुन्हा सुरू झालंय, आणि हे गेल्यापासून जेवताना लावत होते तो रेडिओ त्या दिवसापासून मी बंद ठेवते.

जोडपत्र तयार झालं. तारीखवार, सामन्यानुसार. शेवटी बेरीज : मिळाले एकतीस, गेले चार. ज्याला पिचिंग कळतं तो हे वाचून खुर्चीत सरळ बसेल. खाली मी लिहिलं आहे की सेव्हचा आकडा नियमाने बरोबर आहे, परंतु या माणसाने काय केलं ते त्यात येत नाही, आणि हे मी त्याच सामन्यांची गुणलेखक म्हणून लिहून देत आहे. सातव्या चौकटीत लिहिलं : 'दोन. जोडपत्र पाहावे.' आकडा लिहिला, पण फक्त आकडा लिहिला नाही. सही तेवढी राहिली होती. बिरूने एकदा वाचावं, मग करू, म्हणून थांबले.

इथवर लिहून झालं होतं, तेवढ्यात आज तो आला. चहा घेतला नाही. जोडपत्र मांडीवर घेऊन एकेक ओळीवर बोट ठेवत वाचू लागला, जसा मैदानात बेसकडे बोट करायचा तसा. बेरजेपाशी थांबला. परत पहिल्या ओळीवर गेला.

"मॅडम, दौंड कुठंय?"

"कोणतं दौंड?"

"दोन गेलीती त्ये."

"तो सामना यात येत नाही. तेव्हा रकानाच नव्हता. रकाना मी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केला."

"रकाना नव्हता," बिरू म्हणाला. "मेंढरं तर हुती."

मी म्हटलं, "बिरू, हा कागद तुझ्यासाठी भांडायला केलाय. त्यात तू स्वतःच्या विरुद्ध कशाला घालतोस? नियमाने ते रन तुझे नाहीतच."

"नियमानं तर नऊ सेव्ह बी बरोबर हायत की," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "तुमी म्हंता नियम पुरा पडत न्हाई. मग हितं बी न्हाई पडत. मी मोजून घेतलीती. लिवा."

मी यांच्या खुर्चीकडे पाहिलं. तिकडून काही हरकत आली नाही.

जोडपत्र नव्याने लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत दौंड. मिळाले दोन, गेले दोन. पेन्सिलीने लिहिलं नाही, शाईने लिहिलं. बेरीज बदलली : तेहतीस, सहा. बिरूने ती बोट ठेवून पुन्हा एकदा मोजली, ओठ हलत होते.

"भरली," तो म्हणाला.

मग मी सही केली.